दिवा लागला म्हणून भांडगाव ओलांडून गेलो

पणतीचं बारसं भांडगावला ठरलं, तेव्हा घरात पहिला वाद नावावरून झाला नाही. कोणत्या गाडीने जायचं, यावरून झाला.

आमचं गाव शिरूरजवळ. दारात दोन पिकअप उभ्या. एक जुनी, आमच्या मालकांच्या वेळची. दुसरी नवी कोरी, माझा नातू विकास याने दिवाळीला आणलेली. या गाडीला तो एवढा जपतो, की बायको माहेरी बाळंतपणाला गेली तेव्हा सुद्धा एवढा हळवा झाला नव्हता. सीटवरचा प्लास्टिकचा कागद अजून काढलेला नाही. उन्हाळ्यात त्यावर बसून बघा, उठताना लुगडं मागे राहतं.

मला अक्षरओळख नाही. मी सांगते, नात पूजा मोबाईलवर लिहून घेते. मध्येच हसते, म्हणून कुठे काही राहिलं तर दोष तिचा.

तर बारसं. नाव आत्याने ठेवायचं, म्हणजे पूजाने. पाळणा आमच्या घरून न्यायचा. खाली अंथरायला घोंगडी माझी. आमचं मूळ मेंढरं राखणाऱ्यांचं. बाळ पहिल्यांदा लोकरीवर निजलं पाहिजे, हा आमचा हट्ट. म्हणजे आत्या, पाळणा, घोंगडी, तिन्ही आमच्या गाडीत. आम्ही पोहोचलो नाही तर बारसं काय मोबाईलवर करणार?

विकासचे सासरे आबा, त्यांचा नव्या गाड्यांवर मुळीच विश्वास नाही. त्यांच्याकडे म्हातारी जीप आहे. आदल्या दिवशी फोनवर म्हणाले, "जावईबापू, नव्या गाड्या म्हंजी नुसतं दिवं आन् शिट्ट्या. मुहूर्त बाराच्या आतला हाय. दुसरी गाडी धाडू का?"

पोराला झोंबलं. "आबा, बाराच्या आत दारात न्हाई दिसलो, तर जल्मभर तुमच्या जीपला धक्का मारीन."

"मारावाच लागतोय कुणाला तरी," आबा म्हणाले. मला ते आवडतात.

सकाळी निघालो. हौद्यात पाळणा दोरीने बांधला, लाडवांचा डबा पायाशी घेतला. गाडी टुंगटुंग करायला लागली. पूजा म्हणाली, पट्टा लाव आजी, त्याशिवाय ती गप्प बसत नाही. बांधला. सासूने सुद्धा मला एवढं आवळून बसवलं नव्हतं.

तुम्हाला शिरूरहून दौंडकडे यायचं असेल तर न्हावऱ्यावरून या. रस्ता बरा आहे, पण उसाच्या दिवसांत सकाळी लवकर निघा. एकेका ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी लोंबत असतो, आणि गाणं एवढं मोठ्याने की मागच्याचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू जात नाही. आम्ही गोगलगायीसारखे त्यांच्या मागे. विकास ओलांडायला तयार नाही. उसाचं टिपरू लागून रंग गेला तर?

न्हावऱ्याच्या अलीकडे स्टेअरिंगमागच्या, काटे फिरतात त्या काचेत एक पिवळा दिवा लागला.

विकासचं तोंड त्या दिव्याहून पिवळं झालं. चहाच्या टपरीशी गाडी थांबवली, ती सुद्धा उतारावर, तोंड खाली करून, चाकापुढे दगड लावून. जुन्या पिकअपची सवय. तिला उतार मिळाला तरच ती चालू व्हायची. टपरीवाला म्हणाला, "दादा, नवी गाडी हाय की! ढकलायची तयारी कशाला?"

विकास गाडी चालूच ठेवून चहा आणायला गेला. मी दिव्याकडे बघत बसले. हा मला डोळे वटारून बघतोय असं वाटायला लागलं. बाळासाठी तुपाच्या दिव्यावर धरलेलं काजळ माझ्या डबीत होतं. तान्ह्याला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावतात, तशी या गाडीलाही लावावी. आता गाडीला गाल कुठला? मी बोट भरवलं आणि काचेवर बरोबर त्या दिव्यावर ठसठशीत तीट लावली. मनातलं खरं सांगते: पोराने बारशापर्यंत हसत जावं एवढाच हेतू होता.

विकास आला, काळा ठिपका बघितला, हसला. "तीट व्हय? आन् दिवा पण गेला की गं आजी!"

"जाणारच," मी म्हटलं. "माझ्या हाताला गुण हाय."

पूजा खिडकीबाहेर बघत चहा प्यायली. दहा रुपयांना कप, आलं भरपूर. सोबत गरम भजी मिळतात, ती सोडू नका.

पारगावला भीमेचा पूल लागतो. लहानपणी इथून आम्ही मेंढरं घेऊन जायचो, सगळा संसार घोडीच्या पाठीवर. तीच आमची पिकअप. नाव चंद्री. तिला ना डिझेल, ना पट्टा. कोंबड्या, तवा, मी, सगळं घेऊन चालायची. फक्त दोन दिवस एका जागी बांधली की पोट धरायची. मग माझा बाप तिला नुसतं पळवून आणायचा, की झाली बरी. हे सगळं मी पुलावर सांगितलं. कुणी ऐकलं नाही, कारण विकास पुलावरच्या खड्ड्यांपासून गाडी वाचवत होता.

केडगावच्या बाजूला गुऱ्हाळं आहेत. उतरा आणि ताजा गूळ घ्या. चुलवणाच्या जाळात उसाचं पाचट घालणारा कामगार पूजाला म्हणाला, "दीदी, गरम है, धीरे खाना," आणि तिने जीभ भाजून घेतलीच. काकवीची बाटली घेतली. घरी आणेपर्यंत अर्धी झाली, ती कशी ते विचारू नका.

तिथून निघालो आणि गाडी रेंगाळली. विकास पाय दाबतोय, ती आपली कुंथतेय. चौफुला जवळ आलं होतं, ऊन डोक्यावर चढत होतं. पोराच्या कपाळावर घाम. "आजी, आता आबा जल्मभर हसतील. माझ्या पोरीचं बारसं माझ्याच गाडीनं बुडवलं."

हे ऐकलं, तेव्हा मला पहिल्यांदा वाईट वाटलं. पूजाने सर्व्हिसवाल्यांना फोन लावून आवाज मोठा केला. पलीकडे एक मुलगी होती.

"सर, पिवळा दिवा लागलाय का?"

"मगाशी लागलेला. गेला मॅडम."

मी हळूच पदराने तीट पुसली. दिवा खालीच होता. आता मिचकावत होता.

"आजी!" विकास ओरडला.

"लाग तू बोलायला, ती ताई वाट बघतीय," मी म्हटलं.

मुलीने विचारलं, गाडी रोज किती चालवता? विकास अभिमानाने म्हणाला, फक्त डेअरीपर्यंत, आणि तीही सावकाश. ती म्हणाली, तिथेच चुकतंय सर. नव्या डिझेल गाडीत धुराची गाळणी असते. गाडी थोडी थोडी, हळूहळू चालवली की त्यात काजळी साठते. आता हायवेला घ्या, साठच्या पुढे ठेवा, पंधरा-वीस मिनिटं सलग पळवा. मध्ये थांबू नका, बंद करू नका. काजळी आतल्या आत जळून जाते.

चंद्रीचंच दुखणं! एवढ्या पैशांची गाडी आणि इलाज माझ्या बापाचा.

"पळव," मी म्हटलं.

"आजी, भांडगाव पाच मिनिटांवर हाय. पंधरा मिनटं कुठून आणू?"

"मग भांडगाव वलांडून पळव. कासुर्डीला वळू, परत येऊ."

सोलापूर हायवे गुळगुळीत आहे. पोराने पहिल्यांदाच त्या गाडीला मोकळं सोडलं. भांडगावच्या फाट्यावर आबा उभे होते, नवा फेटा, हातात टॉवेल, आम्हाला वाट दाखवायला. आम्ही त्यांच्या समोरून भुर्रकन गेलो. मी हात हलवला. त्यांचा टॉवेल वरच राहिला.

लगेच फोन. "आवो, ब्रेक फेल झाला का?"

"ब्रेक बेस हाय आबा," पूजा म्हणाली. "पण थांबायचं न्हाई."

"म्हंजी? कुठवर?"

"दिवा जाईस्तवर!"

तिकडून नुसतं "आगं आई" ऐकू आलं आणि फोन कट.

यवत गेलं. दिवा तसाच. विकास काचेकडे बघतोय, मी रस्त्याकडे. कुणीतरी बघायला हवं ना. कासुर्डीशी पुलाखालून वळलो, परत पळवली. आणि यवतच्या थोडं पुढे पूजा किंचाळली, "गेला!"

मी बोट लावून बघितलं. यावेळी खरंच गेला होता. गाडी मोकळी झाली, विकासने श्वास सोडला. त्याने सीटवरच्या प्लास्टिकला चिमटा काढला आणि टरकन फाडलं. अख्ख्या प्रवासातला सगळ्यात गोड आवाज तो.

पुढे पलीकडच्या बाजूला एक जीप उभी, बॉनेट वर, वाफ ढगासारखी. शेजारी फेटा. आमचे ब्रेक गेले असं समजून आबा मागे धावले होते.

विकासने गाडी थांबवली. दुभाजकापलीकडून आबा ओरडले, "काय न्हाई, तापलीय जरा! गार झाली की चालंल!"

"आबा, मुहूर्त हाय!" विकास म्हणाला. "या हिकडं."

पुढे जागा नव्हती. दुभाजक ओलांडून ते हौद्यात चढले, मी दिलेला लाडवांचा डबा मांडीवर, एक हात पाळण्यावर. मी मागच्या काचेतून बघितलं. फेटा वाऱ्याने सुटलेला, पण माणूस ऐटीत. घरापाशी पोहोचलो तेव्हा बारा वाजायचे होते. जमलेल्या बायकांना आबांनी स्वतःहून सांगितलं, "जावयानं मला आणलं." विकासने ते ऐकलं. यापेक्षा जास्त त्याला काही नको होतं.

घोंगडीवर बाळ निजलं. पूजाने कानात कुर्रर्र करून ईश्वरी नाव ठेवलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. काजळाची तीट यावेळी गालावर लावली, जिथे लावायची तिथेच. जेवणाला पुरणपोळी आणि आमटी. आमटी एवढी तिखट, की आबांची जीप आठवली.

न्यायाने सांगते: संध्याकाळी ती जीप बाटलीभर पाण्यावर चालू झाली. आबांनी मुद्दाम हॉर्न वाजवून दाखवला.

आता घरी येऊन बरेच दिवस झाले. लोक विचारतात, नव्या गाड्यांचा भरवसा धरावा का? माझं मत असं. जुनी गाडी वाटेत बसायची, पण तार बांधली, गळती साबणाच्या वडीने बुजवली की उठायची. नवी वाटेत बसली नाही. तिने आधीच सांगितलं, काय होतंय ते. ऐकणारं माणूस पाहिजे, आणि त्याने तिच्या तोंडावर काजळ फासू नये. दाव्याला बांधून जपायचं जनावर हे नव्हे.

विकास आता दर आठवड्याला तिला हायवेला पळवून आणतो. चिखल लागतो, तो पुसत नाही.

काल सकाळी तो चाकातली हवा बघत होता. मी जवळ जाऊन विचारलं, "दिवा लागला का रं?"

"न्हाई आजी. ठणठणीत हाय."

"मला लागलाय," म्हटलं, आणि पुढे बसून पट्टा लावला.