सरांचे देऊळ मी रंगवले

आदरणीय नारायणराव टाले सरांना मी प्रथम पाहिले ते मेहकरच्या मोटार स्टँडवर. शाळेतल्या नेमणुकीचा कागद खिशात घालून मी डोणगावला परतत होतो. लोक जागा धरायला धावत होते आणि हे गृहस्थ गाडीच्या पायरीपाशी वाकून पत्र्यावरून बोट फिरवत होते. काही हरवले का, असे मी विचारले.

"नाही जी. रंग कुठून उडते ते पाहून राह्यलो. जिथं पाय घासते, तिथूनच उडते पाहा."

माणूस जरा सैल दिसतो, असे ठरवून मी गाडीत चढलो. चार दिवसांनी शाळेत रुजू झालो, तर हेच आमचे चित्रकला शिक्षक!

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. सर लाकूड, पुठ्ठा आणि प्लास्टर यांतून हुबेहूब छोटे नमुने करीत. गावातले जुने देऊळ त्यांनी असेच दीड हात उंचीचे केले. त्यासाठी दोन वर्षे रविवार पाहिला नाही. ब्रश रंगात बुडवून ते तो धोतराच्या फडक्यावर इतका पुसत, की ब्रशाला काही उरले की नाही अशी शंका यावी. मग तो कोरडा ब्रश काळ्या केलेल्या नक्षीवरून हलकेच फिरवीत. रंग फक्त उंचवट्यांना लागे, खोबणी काळ्याच राहत आणि कालचे लाकूड जुना दगड दिसू लागे. "रंग लावाचा नाही मास्तर, पुसून उरन तेवढाच द्याचा," असे ते मला सांगत. मी मान डोलवी. कळत काहीच नव्हते.

माझी पत्नी बाळंतपणात आजारी पडली, तेव्हा दीड महिना सरांच्या घरून डबा येत होता. आमच्याकडून रिकामा डबा परत जाई, तेव्हा सरांच्या पत्नी, आमच्या काकू, उलट रागावत, की धुऊन कशाला पाठवता.

अशा माणसाचे मी काय केले, ते आता लिहितो. मुंबईच्या एका संग्रहालयाला नमुने करणारा कारागीर हवा होता. तिथले साहेब सरांचे देऊळ पाहायला शाळेत येणार होते. सरांचे सारे आयुष्य त्या दिवसासाठी थांबले होते. आदल्या दिवशी ते आजारी आईला आणायला जानेफळला गेले आणि तयारी माझ्याकडे आली. साहेब येणार म्हटले की आपल्याकडे आधी चुन्याची बादली निघते. भिंती झाल्या, फाटक झाले, झाडांचे बुंधेही झाले. मग माझी नजर देवळावर गेली. पायरीवर शेवाळ, दारावर काजळी, भिंतीवर तेलाचे ओघळ! एवढे मळके देऊळ साहेबांपुढे ठेवायचे? फाटकाचा पिवळा ऑइलपेंट उरला होता. मी मन लावून दोन हात दिले. हातासरशी कळसही चकचकीत केला.

सकाळी सर आले. नक्षीवरून बोट फिरवले.

"काऊन हो मास्तर, नवं केलं?" एवढेच म्हणाले.

साहेबांनी "छान, मुलांनी रंगवलंय वाटतं," म्हणून पुढचा वर्ग पाहिला. ते गेल्यावर मुख्याध्यापक कडाडले, "हा रंग कोणी फासला?" माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी मूग गिळून बसलो. सर म्हणाले, "माह्याच हातून झालं."

ती जागा दुसऱ्याला मिळाली. नक्षीत भरलेला रंग सुईने काढायचा सरांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण नक्षीच तुटू लागली. तेव्हापासून त्यांनी नमुना केला नाही. मी मात्र कायम झालो, पुढे मुख्याध्यापकही झालो. लाज वाटते.

सरांच्या साठीनिमित्त हा लेख लिहायचे ठरल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि सारे खरे लिहिणार असल्याचे सांगितले.

"लिहू नका. लोकायले वाटन, म्या इतके वर्स मनात ठेवलं."

"ठेवलं नव्हतं का, सर?"

सर म्हणाले, "ठेवलं होतं."

त्यांची आज्ञा मोडून मी लिहिले आहे. सरांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. इतके उदंड, की मला क्षमा करायची त्यांना कधी घाई होऊ नये.