रिमूव्हर अप्पा

समोर आलेल्या माणसाचं तोंड बघायच्या आधी रिमूव्हर अप्पा त्याच्या मोटरसायकलच्या इंजिनाला नख लावून बघायचे. नखाखाली रंगाची कपची निघाली, की त्यांच्या कपाळावरच्या विभूतीला आठ्या पडायच्या. मग ते गाडीवाल्याकडे वळून विचारायचे, "कामून फासलाव हे?" विचारण्याची तऱ्हा अशी, की तलाठ्यापासून तालुक्याच्या डॉक्टरापर्यंत कुणालाही आपल्या हातून मोठा गुन्हा घडल्यासारखं वाटे.

खजुरीच्या फाट्यावर त्यांचं पत्र्याचं शेड होतं. मोटरसायकलींच्या ॲल्युमिनियमच्या भागांवरचा जुना रंग काढायचा, एवढंच त्यांचं काम. ते गाडी दुरुस्त करत नसत आणि रंगवत तर मुळीच नसत. शेडवर पाटीसुद्धा नव्हती, कारण पाटी म्हटली की ती रंगवावी लागते. रंग उतरवायच्या औषधाचे, म्हणजे रिमूव्हरचे, डबे दारात रचलेले असत, त्यावरून लोकांनी नाव पाडलं. खरं नाव शिवशरणप्पा. ते फक्त रेशनकार्डावर होतं, आणि तिथेही चुकीचं छापलं होतं.

मी तेव्हा खजुरीच्या शाळेत नुकताच बदलून आलो होतो. दसऱ्याला घराच्या फाटकाला चंदेरी रंग दिला, थोडा उरला, तो हौसेने गाडीच्या इंजिनालाही फासला. चहा प्यायला फाट्यावर थांबलो आणि सापडलो.

"गुरुजी, हे इंजिन हाय का आचाऱ्याचं पातेलं?"

"चांगलं दिसतं म्हणून दिला."

"पोरांच्या वहीत चूक दिसली की तुमी तांबडी रेघ मारताव न्हवं? मग हितं कुणी मारावी?"

मी गाडी मुकाट्याने शेडमध्ये घातली. पुढची बारा वर्षं त्या शेडमधल्या मोडक्या बाकावर माझ्या संध्याकाळी गेल्या.

कामाच्या वेळी अप्पांची कडक माया दिसायची. लोकांनी मोबाइलवर बघून धुण्याचा सोडा, वाळूचा फवारा, तारेचे ब्रश असे नाना प्रयोग चालवलेले असत. अप्पा म्हणायचे, "लोखंड सोसतंय. ॲल्युमिनियम मऊ असतंय, ते न्हाई सोसत. सोड्यात घातलं की काळं पडतंय, तारेनं घासलं की जन्माचे ओरखडे." ते आधी रॉकेलने भाग स्वच्छ करत, तेलाच्या वाटा चिंध्यांनी बंद करत, मग रिमूव्हरचा जाड थर देऊन वर प्लॅस्टिकचा कागद गुंडाळत आणि बसून राहत. हळूहळू रंगाला सुरकुत्या पडत, फोड येत. तो लाकडी पट्टीने अलगद सरकवायचा, राहिलेला पितळी ब्रशने.

बसून राहणं हाच ह्या कामातला अवघड भाग होता, निदान गिऱ्हाइकांसाठी. कुणी घाई केली की अप्पा आधी कन्नडमध्ये "तडी" म्हणायचे, म्हणजे थांबा. पुन्हा विचारलं तर मराठीत "थांबा". तिसऱ्यांदा "ठैरो मियाँ". चौथ्यांदा विचारणाऱ्याला तो भाग तसाच कागदात गुंडाळून परत मिळे. आमच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर तीन भाषा येणं सगळ्यांनाच जमतं. तिन्हीत एकच गोष्ट सांगणारा मात्र तो एकच माणूस होता.

गिऱ्हाइकांत कार्यकर्ते पुष्कळ. दर निवडणुकीला झेंड्याच्या रंगाने इंजिन रंगवायची साथ आमच्याकडे येऊन गेली होती. मुडबीचा एक कार्यकर्ता असाच गाडी घेऊन आला. नव्या पक्षात प्रवेश होता, जुना रंग दिसता कामा नये. अप्पांनी एक रंग काढला, खाली दुसरा. तो काढला, खाली तिसरा. चौथ्याला कार्यकर्ता स्वतःच संकोचला.

"अप्पा, आता खाली काय हाय?"

"गाडीत ॲल्युमिनियम हाय. तुमचं मला ठाव न्हाई."

त्याने हे मनाला लावून घेतलं नाही. लावून घेणारा असता तर चार रंग साचले नसते.

असा माणूस गावात निभतो, कारण त्याच्या तिखट बोलण्याची लोक मजा घेतात. पण एक दिवस मजा संपली.

आमच्या भागाचे आमदारसाहेब वडिलांचं स्मारक बांधत होते. वडिलांना सगळे थोरले साहेब म्हणत. प्रत्येक भाषणात एक गोष्ट ठरलेली, की थोरल्या साहेबांनी एका मोटरसायकलवर गावोगाव फिरून गोरगरिबांचे अश्रू पुसले. ती मोटरसायकल काचेच्या खोलीत ठेवायची होती. साहेबांच्या गोठ्यात कडब्याखाली ती सापडली आणि तिच्या इंजिनावर तांबडा-हिरवा रंग निघाला. साहेबांचे पीए टेम्पोतून ती घेऊन आले. "एकदम मूळ रूपात पाहिजे," ते म्हणाले. "इतिहास जसाच्या तसा दिसला पाहिजे."

"दिसंल," अप्पा म्हणाले.

दोन दिवसांनी शाळा सुटल्यावर गेलो, तर अप्पा क्लचचं कव्हर मांडीवर घेऊन बसलेले. रंगाचा शेवटचा थर सरकला होता आणि खाली खिळ्याने ठोकून ठोकून काढलेली अक्षरं होती: मल्लिनाथ, जनावरांचा दवाखाना, निंबर्गा.

"गुरुजी, मोठ्यानं वाचा की. मला दिसायलंय तेच हाय का बघा."

तेच होतं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. कव्हर धोतराच्या तुकड्यात गुंडाळून आम्ही दोघं निंबर्ग्याला गेलो. मल्लिनाथ तिथे जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. ते वारून बरीच वर्षं झाली होती. घरी त्यांची बायको होती, गाव तिला अक्का म्हणे. तिने अक्षरांवरून हात फिरवला. वाचता येत नव्हतं, पण विचारावं लागलं नाही.

"अंगणात बसून ठोकलं होतं त्येनी. हलू नये म्हणून मी धरून बसलेली." मग म्हणाली, "प्रचाराला चार दिवस म्हणून थोरल्या साहेबांनी नेली गाडी. आमचे हे मागायला गेले तर म्हणाले, कुठली गाडी? त्यानंतर पायीच फिरले बघा. कुणाचा बैल पडला, कुणाची म्हैस अडली, की पिशवी काखेत घालून चालायले. गुडघे गेले त्यातच."

परत येताना बसमध्ये अप्पांनी मला विचारलं, "गोरगरिबाचे डोळे पुसायची गाडी, व्हय?" आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पीए आले. अक्षरं बघितल्यावर आधी त्यांनी चष्मा पुसला, मग घाम.

"हे घासून काढा."

"मी रंग काढतो," अप्पा म्हणाले. "नाव न्हाई काढत."

"मग वरून रंग द्या."

"ते मी कधीच करत न्हाई. सगळ्या तालुक्याला ठाव हाय."

"मग ह्याचं करायचं काय?"

"बाजारात नवं कव्हर मिळतंय, ते बसवतो. हे ज्याचं हाय त्याच्या घरी देतो."

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण पीएंच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "उत्तम! प्रश्नच मिटला की!" गाडी कुणाची, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हता. ती दुसऱ्याची दिसू नये, एवढाच होता. त्याच खुशीत त्यांनी उद्घाटनाला अप्पांचा सत्कारही ठरवून टाकला.

उद्घाटनाला मी पुढच्या रांगेत होतो, कारण शाळेला हजेरी सक्तीची होती. साहेबांनी अश्रूंची गोष्ट सांगितली आणि आवाज दाटून आणला. काचेआड गाडी लखलखत होती, नव्या कव्हरसकट, आणि खाली पाटी होती: मूळ स्वरूपात. अप्पांना शाल घातली, नारळ दिला आणि निवेदकाने उत्साहाच्या भरात माइक पुढे केला. "अप्पा, दोन शब्द!"

अप्पांनी नारळ निवेदकाच्याच हातात दिला.

"इंजिन मी साफ केलं," ते म्हणाले. "गाडी निंबर्ग्याच्या मल्लिनाथ कंपाउंडरची हाय. चार दिवसांला म्हणून आणली होती. त्येची बायको अजून हाय."

एवढ्यात माइक बंद पडला. जनरेटर चालू होता, दिवे चालू होते, पंखे चालू होते, फक्त माइक बंद पडला. मंडपात शांतता पसरली. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. मी वाजवली नाही. माझी बदली साहेबांच्या हातात होती. त्या न वाजवलेल्या टाळीएवढी शांतता मला अजून ऐकू येते.

पंधरा दिवसांत रस्तारुंदीकरणासाठी अप्पांचं शेड हटवायची नोटीस आली. शेड हटलं. रस्ता अजून आहे तेवढाच आहे. सामान टेम्पोत भरताना मी गेलो. माफी मागायची होती. अप्पांनीच सोडवलं.

"टाळी वाजवली असती तर गुरुजी तुमची बदली झाली असती. मग पोरांची शुद्धलेखनं कोण बघितलं असतं? चढा, त्या डब्याला हात लावा."

ते मुडबीला लेकीकडे गेले. काम सुटलं. औषधाने बोटांची कातडी फाटलेली होती, ती जराशी भरून आली. मी कधीमधी जात असे. एकदा मी सहज सांगितलं, की अक्काने ते कव्हर देवाशेजारी मांडलंय आणि दर सोमवारी पितळेच्या भांड्यांसारखं राखेने घासते. अप्पा ताडकन उठले.

"राखेनं? अहो, राखेनं ॲल्युमिनियम मरतंय!"

दुसऱ्या दिवशी, दम्याचा त्रास असताना, दोन बस बदलून ते निंबर्ग्याला गेले. मऊ कापड आणि तेलाची लहान बाटली घेऊन अक्काला अर्धा दिवस शिकवलं. परत आल्यावर मला फोन केला, "बाई हुशार हाय, पण माझं ऐकंल असं वाटत न्हाई." तेच आमचं शेवटचं बोलणं. त्या थंडीत दम्यानेच ते गेले.

ही बातमी अक्काला कळवायला मीच निंबर्ग्याला गेलो. ऐकून ती उठली. देवाशेजारचं कव्हर काढून आणून तिने माझ्या मांडीवर ठेवलं. अक्षरांच्या खाचा स्वच्छ होत्या. हाताला किंचित तेल लागलं.

"बघा नीट," अक्का म्हणाली. "अप्पा सांगून गेल्यापासून राख लावली न्हाई. एकदा बी न्हाई."