पेजेतलं आमसूल

मी अकाउंट्समधला माणूस. ज्याला व्हाउचर नाही ते मी कधी मानलं नाही, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्या लेखी नव्हत्याच. तरीही लिहितोय... कारण हे कुठेच जुळत नाही.

आम्ही लालबागचे. परळला हॉस्पिटलच्या मागे एक जुनी दगडी धर्मशाळा आहे. आता दारावर 'वारसा वास्तू' अशी पाटी लागली आहे. कॅन्सरच्या उपचारांसाठी गावाहून आलेली कुटुंबं तिथे राहतात. माझी बायको नीलिमा दर रविवारी तिथल्या सामायिक स्वयंपाकघरात पेशंटसाठी पेज करायला जायची. तिथला एक रिवाज आहे – आणलेलं भांडं परत न्यायचं नाही. घासून ओट्यावर उपडं ठेवायचं, पुढच्या माणसासाठी.

गेल्या वर्षी नीलिमा गेली. सकाळी चहा करून भाजी आणायला उतरली आणि मार्केटातच हार्ट अटॅक. मी पेपर वाचत होतो. जाताना ती काही बोलली का, तेही आठवत नाही.

दिवसकार्य उरकल्यावर एका रविवारी मी तिचं पातेलं मागायला धर्मशाळेत गेलो. रिवाज माहीत होता. पण तिचा हात लागलेलं काहीतरी घरात हवं होतं.

दुपारची वेळ. स्वयंपाकघरात एकच बाई, आणि तिच्यासमोर तेच पातेलं – काठाला पोचा आलेलं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "तुम्ही ताईचे मिस्टर ना जी? बसा. आधी जेवा, मंग काय मागाचं ते मागा."

"कोण ताई?"

"सकाळी होत्या न इथं. ठेंगण्या, चष्म्याले दोरी. मले हे भांडं देलं, पेज शिकवली. तुम्ही हे मागाले येसान म्हणे."

मी मोबाइलमधला फोटो दाखवला. "ह्याच की!" म्हणत तिने वाटी पुढे केली. पेजेत आमसूल होतं.

पेशंटची तोंडं आलेली असतात, त्यांना आंबट चालत नाही. नीलिमा तिथे आमसूल कधीच टाकायची नाही. ते फक्त घरी, माझ्या वाटीत.

"हे काळं काय असते मले नाई माहीत, भाऊ. आमच्या यवतमाळकडं नसते. ताईनंच देलं, तुमच्या वाटीपुरतं."

"आणि... माझ्यासाठी काही निरोप?"

"नाई जी. घाईत होत्या. तुम्ही जेवले नसान, येवढंच म्हणे."

मी खरंच जेवलो नव्हतो.

ती बाई आजारी नवऱ्याला घेऊन त्याच पहाटे मुंबईत उतरली होती. वॉचमन म्हणाला, "साहेब, वहिनी गेल्या तेव्हापासून पेज करायला कोणच येत नाय." स्वयंपाकघराच्या दारावरच्या कॅमेऱ्यात त्या सकाळी ही यवतमाळची बाई एकटीच आत जाताना दिसते. फुटेज मी पुन्हा पुन्हा पाहिलं. स्पष्टीकरण मिळालं नाही, अजूनही नाही.

पातेलं मी तिथेच ठेवलं.

आता दर रविवारी मी तिथे जातो, घरी काही न खाता. ओट्याशी जी कोणी असेल ती वाटीभर पेज देते. परवा एकीने विचारलं, "काय शोधताय काका? काही पडलंय का त्यात?"

"नाही," म्हटलं, "काही नाही."