कालचा कागद भिंतीकडे

हुगळीकाठच्या एका कचेरीत चारुदत्त प्रधान नदीचा नकाशा काढायचे. रोज. एकोणीस वर्षं. पहाटे लाँच जाऊन पाण्याची खोली मोजून यायची, आणि अकराच्या ठोक्याला प्रधान पेन्सिलीला टोक काढून, कालचा कागद भिंतीकडे तोंड करून ठेवून, कोऱ्या कागदावर पहिल्यापासून सुरू. त्या नकाशाच्या भरवशावर पायलट मोठमोठी जहाजं समुद्रापर्यंत न्यायचे.

"प्रधानबाबू, कालच्या कागदाशी भांडण झालंय का?" शेजारचे घोषालबाबू हटकून विचारायचे.

"तो डोळ्यांपुढे असला की हात त्याचंच ऐकतो हो."

घरी श्यामलाबाईंची तक्रार वेगळी. "इतकी वर्षं मीच चहा करत्येय, तरी पहिला घोट घेऊन थांबतात. मुलगी बघायला आल्यासारखे!" भवानीपुरातल्या तमाम मराठी बायकांना हे पाठ होतं.

सत्तर साली नवे बक्षीसाहेब आले. कोवळे, हुशार, घाईतले. "रोज नवा नकाशा? कालच्यावरच बदल तेवढे करा. अर्ध्या तासात काम होईल."

साहेबाला उलट उत्तर देणं प्रधानांच्या रक्तातच नव्हतं. ते साहेबांच्या पद्धतीने नकाशा काढू लागले, आणि जेवणाच्या सुट्टीत आपल्या पद्धतीने दुसरा. कुणाला दाखवायला नव्हे. हात ऐकेना म्हणून. डबे भरलेलेच परत येऊ लागले, तेव्हा कचेरीत नवीन टायपिस्ट कोण आलीय याची श्यामलाबाईंनी घोषालबाईंकडे गुपचूप चौकशी केली.

ऑगस्टात एके दिवशी शहरात बंद पुकारला गेला. ट्रामा नाहीत, माणसं नाहीत. लाँच उशिरा निघाली आणि अर्धंच पात्र मोजून परतली. दुपारी प्रधानांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्यांच्या कागदावर पश्चिमेची बाजू तळहाताएवढी कोरी होती. साहेबांच्या कागदावर तिथे कालचेच आकडे, आजचे म्हणून, ऐटीत बसले होते. आणि चारच्या भरतीला तागाने भरलेलं एक जहाज नेमकं तिथून जाणार होतं.

दोन्ही कागद घेऊन ते साहेबांच्या खोलीत शिरले. "साहेब, इथे पाणी किती?"

"लिहिलंय की. तेवीस फूट."

"ते काल होतं. आज कुणी मोजलेलंच नाही."

साहेबांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "आणि तेवढंच निघालं तर? जहाज अडवल्याचा जाब कोण देणार?"

निवृत्तीला अकरा महिने उरले होते. प्रधानांनी आपली पेन्सिल साहेबांपुढे धरली. "माझं नाव लिहा."

जहाज थांबलं. प्रधानांनी ती रात्र कशी काढली ते त्यांनाच ठाऊक.

सकाळी लाँच परतली. तेवीसच्या जागी सोळा. दोन रात्रींत नदीने वाळूचा केवढा ढीग, जराही आवाज न करता, जहाजाच्या वाटेत आणून ठेवला होता! प्रधान खिडकीशी गेले. तीच मातकट नदी, हावड्याला जाणारी तीच फेरीबोट. एकोणीस वर्षं रोज हिचं चित्र काढलं, तरी ही बया ओळख म्हणून देत नाही. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

मागे वळून बघतात तो बक्षीसाहेब त्यांच्या टेबलाशी उभे. कालचा कागद त्यांनी स्वतः उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"असाच ना?"

"जरा तिरका, साहेब. नाहीतर पंख्याने पडतो."

त्या संध्याकाळी डबा रिकामा घरी आला. ती टायपिस्ट बदलून गेली असणार, असं श्यामलाबाईंनी घोषालबाईंना कळवलं.