मंगळवारची गाडी

"ज्यांना लाजायचंय त्यांनी बाहेर जाऊन लाजून या. मी थांबते."

सुट्टीवर निघालेल्या जवानांसमोर निरोधचं पाकीट उंच धरून कुंदा मॅडम असं म्हणायच्या आणि खरोखरच हाताची घडी घालून थांबायच्या. सहा फुटी गडी माना खाली घालून बसायचे. कोणी फिसकन हसला की त्यालाच पुढे बोलावून पाकिटावरच्या सूचना मोठ्यानं वाचायला लावायच्या. मी त्यांचा नर्सिंग असिस्टंट, मागे उभा राहून छताकडे बघायचो.

मेजर कुंदा साळवे आमच्या लष्करी रुग्णालयात नर्सिंग ऑफिसर होत्या. रुग्णालय पार उत्तरेला. मी शहाडचा आणि त्या ठाकुर्लीच्या, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या. माझं गाव कळलं तेव्हा "अरे, मग आपल्याकडचाच की रे तू!" म्हणून केवढ्या खूश झाल्या. त्या खुशीचा मला काडीचा फायदा झाला नाही. इतरांना एकदा ओरडायच्या, मला दोनदा. "घरचा आहेस म्हणून सांगते" असं सुरू झालं की मी पाय रोवून उभा राहायचो. मला त्या फार आवडायच्या, हे सांगून टाकलेलं बरं.

एचआयव्हीच्या पेशंटांचं काम त्यांच्याकडे होतं. फौजेत या आजारासाठी कुणाला सरळ घरी धाडत नाहीत. हलकी ड्यूटी देतात, गोळ्या देतात, नोकरी चालू राहते. आमच्याकडे गोळ्यांचा वार मंगळवार ठरलेला. लांबच्या तुकड्यांमधून त्या दिवशी एक ट्रक यायचा, आणि त्यात या पेशंटांशिवाय दुसरं कोणी नसायचं. रजिस्टर कुलपात, नावं गुप्त, सगळं नियमानं. पण ट्रकमध्ये कोण चढलं ते अख्खी तुकडी दात घासता घासता बघायची. ही व्यवस्था आम्हीच लावली होती आणि आम्हाला ती फार चोख वाटत होती.

मग दत्ता यायचा बंद झाला. साताऱ्याकडचा नाईक, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आला तो थेट स्ट्रेचरवरून, तापानं फणफणलेला, गालफडं बसलेली. मॅडमनी त्याला थोडं सावरू दिलं, मग स्टूल ओढून जवळ बसल्या.

"गोळ्या का सोडल्यास रे?"

"गोळ्यांचं काय न्हाय मॅडम. मला त्या गाडीची भीती वाटती. तुकडीत माझ्या तालुक्यातली चार पोरं हायेत. बहिणीचं जमत आलंय. मी सुट्टीवर जायच्या आधी बातमी घरी पोचंल."

"आणि तू मेलास तर बहिणीचं लग्न लागेल काय रे?"

तो भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. मॅडम उठून तडक कर्नलसाहेबांच्या खोलीत गेल्या. आत काय झालं मला माहीत नाही, पण बाहेर आल्या त्या पदरानं घ्यावा तसा टोपीनं वारा घेत. "घरचा आहेस म्हणून सांगते," म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारपासून जेवणाची सुट्टी विसर."

दातवाले, चष्मेवाले, कानात मळ झालेले, बीपीवाले, पायाला भोवरी झालेले, सगळ्यांना आता तोच मंगळवार आणि तीच गाडी. ट्रकमध्ये उभं राहायला जागा उरेना. माझ्या कामाचा पार चिवडा झाला. त्यातच एक सुभेदारसाहेब दाढ धरून अडून बसले, मंगळवारच्या गाडीत आपण चढणार नाही म्हणाले. लोक काय समजतील!

मॅडमनी फोनवर शांतपणे सांगितलं, "मग दाढ सांभाळा साहेब. दुसऱ्या वारी आमच्याकडे दातांचे डॉक्टर नाहीत."

पुढच्या मंगळवारी सुभेदारसाहेब सुजलेल्या गालासकट ड्रायव्हरशेजारी बसून आले. त्यांच्या मागच्या गर्दीत दत्ता होता. त्याच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

एका बाबतीत मात्र मॅडमनी त्याला सूट दिली नाही. "बायकोला तूच सांगायचंस. मी फक्त शेजारी बसेन." त्यानं सविताला बोलावून घेतलं. त्यानं कसंबसं सांगितलं. मग तिनं मॅडमना विचारलं, "हे मरतील का?"

"गोळ्या घेतल्या तर म्हातारा होऊन तुझं डोकं खाईल. आता तुझी तपासणी करू. ये, मी आहे." सविताचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा मॅडम माझ्यावर विनाकारण ओरडल्या आणि तोंड धुवायला निघून गेल्या.

निवृत्तीनंतर त्या डोंबिवलीत राहायला आल्या. मीही शहाडला परतलो होतो. अधूनमधून फोन करून माझ्या पोटाचा घेर विचारायच्या. गेल्या हिवाळ्यात हृदयविकारानं गेल्या.

मानपाड्याला एका हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, भाऊ बोलला, भाच्या बोलल्या, सोसायटीचे सेक्रेटरी मॅडमच्या शिस्तीवर लांबलचक बोलले. मग मागून एक भरल्या अंगाचा माणूस माइककडे गेला. मी ओळखलं, तो दत्ता होता. सविता माझ्याच रांगेत बसली होती.

"मी हवालदार दत्ता. अजून नोकरीत हाय," तो म्हणाला. "मॅडम माझ्या कोण, ते इथं कुणाला ठाव नसंल. मी त्यांचा पेशंट. मला..."

मी ताडकन उभा राहिलो. नाव बाहेर जाता कामा नये, हे मॅडमनी इतकी वर्षं माझ्या अंगात मुरवलं होतं. हॉलमध्ये दीडदोनशे माणसं होती. त्याला थांबवायला मी हात वर केला, तेवढ्यात सवितानं माझी बाही धरून मला खाली ओढलं.

"बसा भाऊ," ती म्हणाली. "घरनंच ठरवून आल्यात ते."