उशीर भरून काढणारा माणूस

चोवीस वर्षं शहरातली बस चालवणाऱ्या या माणसाला डेपोत सगळे ‘घड्याळ’ म्हणत. नाव थट्टेनंच ठेवलेलं, पण गड्याला त्याचा भारी अभिमान. वाटेत मोर्चा आडवा येवो, सिग्नल बंद पडो, एखाद्या आजीबाई पायरी चढायला दोन मिनिटं लावोत, शेवटच्या थांब्यावर गाडी वेळेवर म्हणजे वेळेवर. गेलेली मिनिटं तो पुढच्या मोकळ्या रस्त्यावर गुपचूप भरून काढायचा. दोन पुलावर, एक गिरणीच्या भिंतीलगत, एक उतारावर. कंडक्टर म्हणायचा, “घड्याळबुवा, गाडीला उशीर झाला तर तुमचं काय घोडं मारलं हो त्यानं?”

दोन वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ गेला. दादाच्या ऑफिसची लिफ्ट बंद होती, मीटिंगला उशीर होत होता, म्हणून तो चार मजले धावत चढला आणि वरच्या पायरीवर बसला. शिपाई पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. वय एकोणपन्नास.

त्या दिवसापासून भीती याच्या मानगुटीवर बसली. आता स्वतः अठ्ठेचाळीसचा. जिना चढताना मधेच थांबायचा आणि चपलेत खडा गेल्याचं नाटक करायचा. झोपताना डाव्या कुशीवर वळायचा नाही. आंबट ढेकर आला तरी काळजात धस्स व्हायचं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत होतं. पण कागदावर कुणाचा विश्वास बसतो? दादाचेही कागद चांगलेच होते.

“मॅरेथॉनचे बेचाळीस किलोमीटर धावलो ना,” तो एक दिवस बायकोला म्हणाला, “तर मग माझा विश्वास बसेल.”

बायको भाजी चिरत होती. सुरी तशीच हातात धरून ती म्हणाली, “विहिरीची भीती घालवायला विहिरीत उडी? तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

डॉक्टर मात्र हो म्हणाले, एका अटीवर. एका लयीत धावायचं. धावताना बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की वेग चुकला. शिकवायला त्यानं शाळेतले खेळाचे सर गाठले. सर आता सत्तरीचे, पण गळ्यात शिट्टी अजून तीच. ते सायकलवरून मागे यायचे आणि हा पुढे पळायचा.

“बोल काहीतरी,” सर ओरडायचे.

“काय बोलू?”

“तुझ्या गाडीचे थांबे म्हण. ते तरी येतात ना?”

मग हा पळता पळता म्हणायचा, “डेपो, गिरणी, शाळा, पाण्याची टाकी, जुना पूल, दवाखाना...” अठरा थांबे एका सुरात म्हणता आले की वेग बरोबर. साडेसात मिनिटांत एक किलोमीटर, ना कमी ना जास्त. ऐकायला किती सोपं! पण गडी पाणी प्यायला थांबला, बुटाची नाडी बांधायला वाकला, की पुढे त्याचे पाय आपोआप सुटायचे. पायांना कुणी सांगावं लागायचं नाही. गेलेलं अर्धं मिनिट वसूल झाल्याशिवाय त्यांना चैनच पडायचं नाही. सर शिट्टी फुंकून फुंकून लाल व्हायचे. “अरे, तुझ्या पाठीवर प्रवासी बसलेत का? कुणासाठी पळतोस?” हा मान खाली घालायचा, आणि पुढच्या नळाशी पुन्हा तेच.

शर्यतीला महिना राहिला तेव्हा वीस किलोमीटरचा सराव होता. भल्या पहाटे निघताना त्यानं बायकोला सांगितलं, “आठला घरात.” तिनं मान डोलावली. चोवीस वर्षांत त्यानं सांगितलेली वेळ कधी चुकली नव्हती, तरी हा सरावाला गेला की सांगितलेली वेळ होईपर्यंत तिचा जीव टांगलेला असायचा आणि हा दारात दिसला की भांड्यात पडायचा.

चौदा किलोमीटर मजेत गेले. मग रेल्वेचं फाटक पडलं. मालगाडी आली, आणि डबे काही संपेचनात. साडेसात मिनिटं गेली. तेवढ्यात सरांच्या सायकलची साखळी उतरली आणि ते कडेला बसले. फाटक उघडलं, आणि मागे शिट्टी नाही असं पाहून याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. सहा किलोमीटर उरलेत, दरेकात सव्वा मिनिट कापलं तर आठला दारात. तो सुटला.

दोन किलोमीटर झाले नसतील, छातीत हातोडा पडायला लागला. त्यानं थांबे म्हणून पाहिले. “डेपो... गिरणी... शा...” पुढचा शब्द फुटेना. कानात सूं आवाज, हातांना मुंग्या. एका बंद दुकानाच्या पायरीवर तो कसाबसा बसला, आणि बसताक्षणी त्याला कळलं की दादाही असाच पायरीवर बसला होता. त्याची पाचावर धारण बसली. आता, तो मनात म्हणाला. आता जातो मी. समोरून दूधवाला गेला, एक बाई मुलीची वेणी घालत दारात उभी होती. कुणाला हाक मारायलाही त्याच्याजवळ श्वास नव्हता.

सर धापा टाकत पोचले. त्यांनी सायकल तशीच आडवी टाकली. मनगट धरलं, बराच वेळ घड्याळाकडे पाहिलं.

“उतरतायत ठोके,” ते म्हणाले. “हृदयाला काही झालेलं नाही. घाई झालीय तुला. दादा कशानं गेला रे तुझा?”

तो रडायला लागला. चांगला हुंदके देऊन. मग डोळे पुसत म्हणाला, “सर, पण उशीर झालाय.”

“झालाय. राहू दे झालेला.”

डॉक्टरांकडे जाऊनच घरी जायचं, असं सरांनी ठरवलं. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती नीट आली तेव्हा सोडलं, वर चार शब्द सुनावले. उरलेली वाट तो चालत आला. पाय दर कोपऱ्यावर ओढ घेत होते आणि तो त्यांना आवरत होता. आवरताना घाम फुटत होता, पळताना फुटला नव्हता इतका. आयुष्यात पहिल्यांदा तो उशीर सोबत घेऊन घरी निघाला होता.

गल्लीच्या तोंडाशी बायको दिसली. एका पायात तिची चप्पल, एका पायात त्याची. केस सुटलेले. ती पळत येत होती, आणि तिला पळायची अजिबात सवय नव्हती. त्याच्यापाशी पोचल्यावर तिनं त्याचा शर्ट दोन्ही मुठींत धरला.

“सव्वानऊ झाले,” ती म्हणाली. “मी... सगळ्या दवाखान्यांत... फोन...” तिला पुढे बोलता येईना.

“हळू,” तो म्हणाला. “आधी श्वास घे.” त्याला तिचं वाक्य तुटलेलं ऐकवेना. दोन वर्षं ही भीती आपल्या एकट्याचीच आहे अशा समजात तो वावरला होता. “चुकलं माझं. यापुढे वेळ सांगताना तासभर जास्तीच सांगत जाईन.”

तिनं जोरात मान हलवली. मुठी सोडल्या नाहीत.

“वेळ सांगूच नका,” ती म्हणाली. “सावकाश या. पण या.”