माझ्या टर्मिनलवर चालत होतं

आमचे बॉस मेनन साहेब यांनी आपल्या केबिनमधल्या पीसीवर चौथ्यांदा बटण दाबलं. स्क्रीनवर चौथ्यांदा तेच आलं: ‘इंटर्नल सर्व्हर एरर’.

शेजारी पंपांच्या कारखान्याचे गौडा साहेब बसले होते. आपल्या डीलरना सुट्या भागांचा स्टॉक ब्राउझरमधून पाहता यावा, असा प्रोग्रॅम त्यांना हवा होता. तो मी लिहिला होता. डेमो बघून ते काम देणार की नाही ते ठरणार होतं, आणि त्याबरोबर माझी नोकरीही. पब्लिक सेक्टरमधली पक्की नोकरी सोडून मी इंदिरानगरच्या या ऑफिसात प्रोबेशनवर आलो होतो. पब्लिक सेक्टरमध्येच जन्म काढलेले सासरे तेव्हापासून माझ्याशी फक्त हवापाण्यावर बोलत.

“सबनीस, चालतंय म्हणाला होतास ना?” मेनन साहेबांनी विचारलं.

“चालतंय सर. दोन मिनिटं!”

मी धावत माझ्या टर्मिनलवर गेलो, कमांड दिली. यादी झरझर उतरली. पुन्हा धावत केबिनमध्ये.

“माझ्याकडे चालतंय, सर!”

गौडा साहेब शांतपणे म्हणाले, “बरं. मग माझे सगळे डीलर तुमच्या खुर्चीवर आणून बसवू का?”

आता खरं सांगतो. ब्राउझर तेव्हा नवीनच आलेले; ऑफिसात तो असलेला पीसी एकच, आणि तो मेनन साहेबांच्या केबिनमध्ये. टेस्टिंगला आत गेलं की “बाकीचं कुठवर आलं?” हा प्रश्न ठरलेला. तो चुकवायला मी पाच महिने सगळं बाहेरच, काळ्या स्क्रीनवर हाताने कमांड देऊन तपासलं होतं.

शेवटी नागराज अण्णांना बोलावलं. ते सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळ्या मशीनच्या किल्ल्या त्यांच्याकडे.

“अण्णा, तुमचा सर्व्हर बिघडलाय,” मी म्हणालो. दोष दुसऱ्यावर ढकलण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

“स्वल्प इरी,” अण्णा कानडीत म्हणाले, म्हणजे जरा थांबा. त्यांनी दोन ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचं काम एवढंच, की आपण पर्लच्या कुठल्या व्हर्जनवर चालतोय ते सांगायचं. पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा. माझ्या टर्मिनलवर उत्तर आलं, पाच. केबिनमधून आलं, चार.

सर्व्हरच्या मशीनवर दोन पर्ल होती. जुनं मशीनबरोबर आलेलं, नवं मीच मोठ्या हौसेने बसवलेलं. हाताने कमांड दिली की नवं आधी सापडे. ब्राउझरमधून आलं की मात्र प्रोग्रॅमची पहिली ओळ वाचली जाते. तिच्यात पर्लचा पत्ता असतो. ती ओळ मी कुठल्याशा जुन्या प्रोग्रॅमवरून डोळे मिटून उतरवली होती. पत्ता जुन्याचा, आणि जुन्याला माझं नव्या पद्धतीचं लिखाण कळत नव्हतं.

“मग जुनं उडवूनच टाकू!” मी कीबोर्ड ओढला.

अण्णांनी माझं मनगट धरलं. “ऑफिसची हजेरी त्याच्यावर चालते. उडवा की. उद्यापासून सगळे गैरहजर, पहिले तुम्ही.”

मी निमूटपणे पत्ता बदलला. एक ओळ. गौडा साहेबांची दुसरी कॉफी संपायच्या आत स्क्रीनवर यादी आली. त्यांनी तीन भाग स्वतः शोधले. चौथ्याचा नंबर मुद्दाम चुकीचा टाकला. ‘सापडला नाही’ असं आल्यावर पहिल्यांदा हसले. “सरी,” म्हणजे ठीक आहे, म्हणाले, आणि काम दिलं.

ते गेल्यावर मेनन साहेब म्हणाले, “प्रोग्रॅम चांगला आहे. प्रोबेशन तीन महिने वाढवतोय. रोज चार वाजता इथे बसून टेस्टिंग करायचं.”

घरी बायको म्हणाली, “स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा आणि स्वतःच तपासायचा! नापास व्हायला वाव कुठे होता?”

सासरे म्हणाले, “आमच्याकडे डेमोच नसायचे.”

तीन महिने मी रोज चारला केबिनच्या दारावर टकटक केलं. पहिल्याच आठवड्यात आणखी सहा चुका निघाल्या. त्या निस्तरल्या, मग कन्फर्मेशनचं पत्र आलं. पुढे हाताखाली आलेल्या प्रत्येकाला एवढंच सांगत आलो: गिऱ्हाईक ज्या दाराने येणार, त्या दाराने आधी आपण आत शिरून बघावं. आत साहेब बसलेला असला तरी.